वाढतो तो चीक नव्हे

अक्काच्या ओट्यावर बसायचं तर आधी तळपाय दाखवावा लागे. पाहुणा असो, मजूर असो, केळीचा व्यापारी असो. वडीलधाऱ्या बाईसमोर पाय वर करायला माणसं संकोचत. ती म्हणायची, "लाजू नको. मले तुझं तोंड नही पाह्यचं, पाय पाह्यचा आहे." टाच, बोटांच्या बेचक्या, नखं असं सगळं उजेडाकडे वळवून ती बघे, आणि मगच पाण्याचा तांब्या पुढे येई. सावद्यात या प्रकाराची चेष्टा व्हायची. अक्काला त्याचं काही वाटत नसे.

ती माझी आत्या. नवरा लवकर वारला, मूलबाळ नाही. चार एकरांत ती स्वतः केळी लावायची. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी सावद्याच्या शाळेत गणित शिकवायला लागलो आणि तिच्याकडेच राहिलो. त्यामुळे पुढचं बहुतेक मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आमच्याकडे अंगावर काळा डाग दिसला की तो केळीच्या चिकाचा, हे ठरलेलं. घड कापताना चीक गळतो. कपड्यावर पडला तर कपडा फाटेपर्यंत राहतो, कातडीवरूनही सहजी जात नाही. म्हणून अक्काच्या डाव्या टाचेवर काळा ठिपका दिसला तेव्हा मीही म्हणालो, "चीक असेल." ही चूक माझी, ती दुसऱ्या कोणावर ढकलता येणार नाही. अक्काने लिंबू चोळलं, राख चोळली, रॉकेल लावलं. ठिपका तसाच. तिचे दीर, ज्यांना सगळे नाना म्हणत, ते म्हणाले, "वैनी, काटा मोडला असेल. बिब्बा गरम करून चटका द्या, जाईल." अक्का म्हणाली, "आधी मोजू. बापू, तुझी पट्टी आन."

दिवाळीत मी मोजलं तेव्हा ठिपका पाव इंच होता, म्हणजे दोन सूत. होळीला मोजला तर तीन सूत भरला. कड वेडीवाकडी झालेली, एका बाजूला निळसर छटा. मी दोनदा पट्टी लावली, कारण पहिल्या वेळी माझा विश्वास बसला नाही.

"चीक धुतला त जातो, नही त तसाच राह्यतो," अक्का म्हणाली. "वाढतो तो चीक नही."

दुसऱ्या दिवशी आम्ही जळगावला गेलो. डॉक्टरांनी टाच पाहिली, जांघेत दाबून गाठ आहे का पाहिलं, मग माझी मापांची चिठ्ठी वाचली. "चटका दिला नाहीत हे बरं केलंत," ते म्हणाले. "तीळ किंवा काळा डाग वाढू लागला, त्याची कड फुटली, रंग बदलला, रक्त आलं, तर घरी बसायचं नाही." त्यांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. तिथे तुकडा काढून तपासला. कातडीचा कॅन्सर निघाला, तोही लवकर पसरणारा. पाय गुडघ्याखाली कापावा लागेल, म्हणाले.

नाना मुंबईपर्यंत आले होते. खाटेशी बसून म्हणाले, "अर्ध्या पायाची बाई शेतात काय करणार, वैनी? गावभर हसं होईल. बोदवडला झाडपाला देणारा एक आहे, त्याचं घेऊ. जमिनीचं मी पाहतो."

"नाना, पाय माझा आहे," अक्का म्हणाली. "जमीनही माझीच आहे. दोन्हीतलं काही तुम्हाले पाह्याले सांगितलं नही."

कागदावर संमती घ्यायला आलेल्या माणसाने शाईची डबी पुढे केली. अक्का म्हणाली, "सही येते मले. ठसाच पाह्यजे त त्या पायाचा घ्या, जानारच आहे तो." त्या माणसाला हसावं की नाही कळेना. मला तर मुळीच कळेना. मी जिन्यात जाऊन उभा राहिलो.

परत आल्यावर कुबडी घेऊन ती बागेत शिरली. पहिल्याच दिवशी कुबडी ओल्या मातीत वीतभर रुतली आणि अक्का पडली. नाना बांधावरून म्हणाले, "सांगत होतो." तिने सुताराला बोलावलं आणि कुबडीच्या टोकाला ताटलीएवढी लाकडी चकती बसवून घेतली. आठवड्याभरात ती पाणी द्यायला उभी होती. कापलेला पाय बघायला माणसं यायची. ती म्हणायची, "पाह्यला? आता तुझा दाखव." ओट्यावरचा रिवाज असा सुरू झाला.

सहा वर्षांत तिने पाच जणांना जळगावला धाडलं. तिघांचं काहीच नव्हतं, एकाचा साधा चामखीळ निघाला. पाचवी एक मजूर बाई. लहानपणी भाजलेल्या नडगीवरच्या व्रणात तिला जखम झाली होती आणि ती वर्षभर भरत नव्हती. तो वेगळ्या जातीचा कॅन्सर होता. जखम भोवतालच्या कातडीसकट कापून काढली, पाय वाचला. पाचांत एक, असं मी म्हटलं तर अक्का म्हणाली, "बाकीचे चार फुकटात जळगाव पाहून आले."

मग तिच्या जांघेत गाठ आली. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. ओट्यावर बसून नाना हळू आवाजात म्हणाले, "शेवटी तेच झालं. पाय वाया गेला, वैनी."

अक्काने माझ्याकडे पाहिलं. "बापू, पाय गेल्यापासून केयीच्या काढन्या किती झाल्या?"

केळीची काढणी दीड वर्षाला एक. मी म्हणालो, "चार."

"सांग त्यांले. मोठ्यानं सांग."

मी मोठ्याने सांगितलं. नाना उठून गेले. त्या मृगात अक्काने पाचवी लागवड केली. शेवटी शेवटी बाजेवर पडून, कोणता कंद कुठे लावायचा ते कुबडीने दाखवत होती. दिवाळीनंतर ती गेली.

पुढच्या वर्षी एका दुपारी मी वर्गात असताना नाना शाळेत आले. हात कोपरापर्यंत चिकाने काळे झाले होते. दारातूनच म्हणाले, "मास्तर, पाच." आणि बागेकडे परत गेले.