आधी समोरच्याचं म्हणणं

अख्ख्या सिंगापुरात भांडायला इतका कुचकामी माणूस मी दुसरा पाहिला नाही. टॅम्पिनीसला हे शेजारी आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. नोकरी रॅफल्स प्लेसला, बँकेत. जीव मात्र सात-आठशे वर्षांपूर्वीच्या पॅरिसात. तिथल्या विद्यापीठात म्हणे वाद घातल्याशिवाय पदवीच मिळत नसे, आणि वादाची शिस्त अशी की समोरच्याचं म्हणणं आधी आपण मांडायचं, त्याला ते पटलं की मगच उत्तर द्यायचं. "युरोप विचार करायला शिकला तो असा," ते सांगत. "कोर्टातली उलटतपासणी घ्या, कॉलेजातली तोंडी परीक्षा घ्या, सगळ्यांत त्याचा अंश आहे." मी म्हटलं, "आणि आपल्या महाराष्ट्र मंडळाची मीटिंग?" ते गंभीरपणे म्हणाले, "तिथवर ते अजून पोचलेलं नाही."

एकदा त्यांच्या कुंड्यांचं पाणी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गळलं. मी तणतणत वर गेलो. त्यांनी माझी तक्रार माझ्यापेक्षा छान मांडली, वर मला न सुचलेले दोन मुद्दे घातले. मी खूश होऊन चहा पिऊन खाली आलो. पाणी गळतच राहिलं. हॉकर सेंटरच्या खाऊगाळ्यांवर लक्सा नूडल्स घ्यायच्या की डोसा, यावर त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि जाहीर केलं, "पॅरिसचे गुरू निकाल दुसऱ्या दिवशी देत असत." त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, तोवर डोसे घेऊन आल्या होत्या.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो, तेवढ्यात पुण्यात वहिनींची आई पडली. वहिनींना कायमचं परत जायचं होतं. यांचा सिंगापूरच्या नागरिकत्वाचा अर्ज भरून टेबलावर तयार होता. मी नेमका तिथे होतो, उठू लागलो तर वहिनी म्हणाल्या, "बसा भावजी. साक्षीला कोणीतरी हवं."

यांनी पॅरिसच्या शिस्तीत सुरुवात केली. "तुझं म्हणणं, आईंना सोबत हवी."

"नाही."

"पगारी बाईच्या हाती आईंना सोपवणं तुला पटत नाही."

"तेही नाही."

मग त्यांनी टेबलावरचा अर्ज बाजूला सरकवला. हळूच म्हणाले, "तुझं म्हणणं असं, की अकरा वर्षं तू माझ्या नोकरीमागे इथे राहिलीस, आणि तुला कुठे राहायचंय हे मी एकदाही विचारलं नाही."

"हो," वहिनी म्हणाल्या. "आता तुमचं बोला."

इतकी पुस्तकं वाचलेल्या त्या माणसानं अर्ज उचलून खणात ठेवला.

दोन महिन्यांनी मी दोघांना चांगी विमानतळावर सोडायला गेलो. वहिनी सामानाच्या रांगेत पुढे होत्या. मी यांना म्हटलं, "एकदा मी मांडू का? तुमचं म्हणणं असं, की तुम्हाला इथून जायचं नाही."

"बरोबर मांडलंत," ते म्हणाले, आणि वहिनींची बॅग उचलून पुढे गेले.