कवळीची आंघोळ

समस्त सोलापूरकरांना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, कवळी कशी धुवावी हे मी प्रत्यक्ष पाहिलं आहे. एसटी स्टँडच्या नळावर सत्तरीच्या एका आजोबांनी आधी बेसिनमध्ये टॉवेल अंथरला. "हातातनं सुटली तर फुटाय नको," ते बोळक्या तोंडानं मला म्हणाले. मग मऊ ब्रशनं एकेक दात सावकाश घासला. घाई कसली? विधुर आजोबा स्वतःसाठीच स्थळ बघायला अक्कलकोटला निघाले होते, आणि हसायला दुसरी कवळी नव्हती.

तेवढ्यात चहावाला उकळत्या पाण्याची किटली घेऊन धावला. "आजोबा, थांबा, जंतू मारतो!"

किटली वाकताच आजोबांनी कवळी छातीशी कवटाळली आणि अख्खं स्टँड दणाणून सोडलं, "आरं, वाकडी हुईल की! कवळी हाय ही, उकडायचं अंडं न्हाय!"