सप्तकोटेश्वराचं नेट

आता हे कोणत्या तोंडाने सांगू तुम्हाला! आधी चहा घ्या, आणि मधेच हसू नका. मला त्या टीव्हीचा अजून राग येतो. स्वतःचा त्याहून जास्त येतो, पण ते नंतर.

आमच्या नार्व्यात, इथे गोव्यात, देव सप्तकोटेश्वर. त्यामुळे रिक्षा सप्तकोटेश्वर, किराणा सप्तकोटेश्वर, वेल्डिंगवालासुद्धा सप्तकोटेश्वर. घरात नेट बसवलं तेव्हा केबलवाल्याने विचारलं, "वायफायला नाव काय घालू?" मी दुसरं काय सांगणार? पासवर्ड त्यानेच टाकून दिला आणि तो गेला.

मग आला टीव्ही. स्मार्ट म्हणे! रिमोटच्या बाणाने एकेक अक्षर हुडकत पासवर्ड घालता घालता माझा अंगठा वाकडा झाला. नेट लागलं. दोन दिवस सुखाचे गेले आणि मग ऐन रंगात पडद्यावर ते चक्र गरगरायला लागलं. मागच्या खोलीत फोनवर नेट धो धो चालू, आणि पुढच्या खोलीत टीव्ही मेलेला! एकाच घरात असं का व्हावं? सांगा ना!

एरवी मी सोसलं असतं. पण आमची सुलक्षा फुगडी घालते. साधीसुधी नव्हे, तिचा गट स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला होता. त्याचं शूटिंग झालं होतं आणि रविवारी संध्याकाळी ते नेटवर एकदाच दाखवणार होते. सुलक्षाने सगळ्या वाड्याला, म्हणजे अख्ख्या वस्तीला, आवतण दिलं. इतक्या वर्षांत या बाईने माझ्याकडे हट्टाने मागितलं ते एवढंच, की रविवारी टीव्ही बंद पडता कामा नये.

"तुमच्यान जातलें?" तिने विचारलं. "जायना जाल्यार आताच सांगा."

"जायना म्हणजे? न जमायला काय झालं? आयटीआय केलाय मी!"

फिटरचा केला होता, पण ते सोडा.

कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. कुठल्यातरी लांबच्या गावची मुलगी बोलली.

"सर, टीव्ही बंद करून चालू करा."

"केला."

"सर, राउटर बंद करून चालू करा."

"केला! आता काय, मला बंद करून चालू करू?"

"सर, वायफायचं नाव काय दिसतंय?"

"सप्तकोटेश्वर."

"सर?"

"देव आहे आमचा!"

"सर, मी देवाचं नाही, वायफायचं नाव विचारतेय."

"तेच ते! देवही तोच, वायफायही तेच!"

"सर, जरा स्पेलिंग सांगता का?"

झालं! माझं डोकं सटकलं. आमच्या देवाचं स्पेलिंग विचारते? फोन आपटला मी. तेव्हा दोन पावलं पुढे जाऊन टीव्हीवरचं स्पेलिंग वाचलं असतं, तर आज तुमच्यासमोर तोंड वर करून बसलो असतो.

मग मी स्वतः शोध सुरू केला. जनेलाजवळ, म्हणजे खिडकीजवळ, कदेल, म्हणजे खुर्ची, टाकून बसलो. एक नजर टीव्हीवर, एक रस्त्यावर. आणि काय दिसावं? शेजारचा शाणू बायकोला मागे बसवून स्कूटरवरून बाहेर पडला की टीव्हीवर चक्र! शाणू परत आला की थोड्या वेळात टीव्ही सुरू! एकदा नव्हे, रोज! देवळात गेला, चक्र. बाजारात गेला, चक्र. आता मला सांगा, कुणाला संशय येणार नाही?

शाणूच्या बायकोला फुगडीच्या गटात घेतलं नव्हतं. आणि केबलवाल्याची पेटी वळणावरच्या खांबाला आहे, जिथून शाणू रोज जातो. लागला ना हिशोब? जाताना हा पेटीत हात घालतो, येताना परत जोडतो. मला छळायला! माझ्या बायकोची फुगडी बुडवायला!

"शाणूभाऊ तसलो न्हय," सुलक्षा म्हणाली.

"तू गप. तुला माणसं कळत नाहीत."

वर खबरदारी म्हणून मी रागारागाने राउटरचा पासवर्ड बदलला. घरातल्या सगळ्या फोनांचं नेट पटापट तुटलं. टीव्ही? टीव्ही ठणठणीत! नवा पासवर्ड मागितलादेखील नाही. मी छाती काढून म्हणालो, "बघ, कसा वठणीवर आणला!" अहो, इथे आमच्या म्हशीलासुद्धा शंका आली असती. मला नाही आली.

रविवार उजाडला. संध्याकाळी घर बायकांनी भरलं. पातळभाजीचं टोप, पावांची पिशवी, चहाची किटली, सगळं तयार. सुलक्षा नवी साडी नेसून पुढ्यात बसलेली. कार्यक्रम सुरू झाला. आता नार्व्याचा गट, असं निवेदिका म्हणाली.

आणि चक्र!

त्याच क्षणी दारात कोण? शाणू! मागे त्याची बायको. हसत हसत म्हणतो, "सुरू जालें काय रे?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सुरू? तू येतोस आणि बंद पडतं! पेटीत हात घालून वर तोंड दाखवायला आलास? लाज नाही वाटत?"

"खंयची पेटी?"

"खांबावरची! घरातून निघालास आणि काय केलंस, सांग सगळ्यांना!"

शाणू गोंधळला. "किदें करतलों? दार लायलें, मेन स्विच बंद केलो नि आयलों. घरांत कोण ना, फुकट करंट कित्याक जाळपाचो?"

हे मात्र खरं. शाणू इतका काटकसरी, की त्याच्याकडे फ्रीजसुद्धा अधूनमधून उपास करतो.

"तुझ्या मेन स्विचाचा माझ्या टीव्हीशी काय संबंध?" मी ओरडलो.

सुलक्षाने माझ्या हातातला रिमोट ओढला. कुठे कुठे दाबत वायफायच्या नावापर्यंत गेली आणि टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन एकेक इंग्रजी अक्षर वाचू लागली.

"आमचें स्पेलिंग किदें?" तिने विचारलं. "ईश्वरांतलो व, व्ही काय डब्ल्यू?"

"डब्ल्यू."

"हांगा व्ही आसा."

"व्ही आमचो!" शाणू म्हणाला. "केबलवाल्याक हांवें व्ही सांगिल्लो. पासवर्ड बी त्याणें सगळ्यांक एकूच दिलो न्हय!"

कळलं? माझा राउटर मागच्या खोलीत, शाणूचा आमच्या भिंतीपलीकडे. पहिल्याच दिवशी यादीत सगळ्यात वर दिसला तो सप्तकोटेश्वर मी डोळे झाकून निवडला होता. तेव्हापासून माझा टीव्ही शाणूचं नेट पीत होता!

तरी माझा ताठा बघा. "ठीक आहे," मी म्हणालो, "आत्ता माझं नेट लावतो." आणि रिमोट घेऊन बसलो. बाण हलेना. रागात काय पासवर्ड ठेवला होता, देव जाणे! दोन्ही स्पेलिंगचा देव जाणे!

"रावा, हांव स्विच चालू करून येतां," शाणू बिचारा म्हणाला.

"नाका!" सुलक्षा ताडकन उठली. तिचे डोळे भरले होते, रागाने आणि दुसऱ्याही कशाने. "उठात गो सगळीं! शाणूभाऊगेर वचूंया. हांगा नेटचोर रावता!"

आणि निघाले की सगळे! टोप गेलं, पाव गेले, किटली गेली. माझ्या कदेलीसुद्धा उचलून नेल्या. मी मोकळ्या घरात भिंतीला टेकून उभा. अशी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. पलीकडून टाळ्या ऐकू आल्या. जाऊ? कुठल्या तोंडाने जाऊ?

तेवढ्यात समोरचं चक्र थांबलं. शाणूने मेन स्विच वर केला होता! पडद्यावर माझी सुलक्षा, कमरेला पदर खोचून गरगर फिरत होती. काय सांगू, फार सुंदर खेळत होती हो. मी घाईने आवाज अगदी बारीक केला आणि जमिनीवर बसून चोरासारखा बघू लागलो. पण पंचाईत अशी, की त्यांचा टीव्ही जरा पुढे आणि माझा जरा मागे. तिकडे "फू" झालं की इकडून माझ्या टीव्हीची "फू" हळूच मागाहून!

जनेलातून शाणूची हाक आली.

"गुरुदास! आवाज वाडय रे! नेट आमचेंच आसा, लजूं नाका!"

वाढवला मी. नेट त्याचं असेल, बायको तर माझी होती!