मेला, मारला, संपवला!

कबड्डी बघणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. मॅचमध्ये आपण काय काय ओरडलो, एवढं दुसऱ्या दिवशी आठवलं की झालं! आमचा संघ उल्हासनगर कॅम्प चारचा, सगळे जीन्स शिवणारे. समोर कायम चामटोली गाव. आणि मी? रेघेबाहेर बसून घसा फोडणारा.

*

एकदा शेअर रिक्षातून मी आमच्या कॅप्टनला, संदीपला, फोनवर समजावत होतो. "संद्या, रविवारी चामटोलीच्या गणेशला संपवायचाच! आत आला की पाय धरा, वर चढा, श्वास घेऊ देऊ नका!"

रिक्षा थेट पोलीस चौकीसमोर थांबली. "साहब, ये मर्डर का बोल रहा है!" रिक्षावाला ओरडला.

हवालदारांनी मला खाली उतरवलं. "कोणाला संपवतोयस?"

"साहेब, कबड्डी... चामटोलीचा गणेश... डाव्या कोपऱ्यातून..."

हवालदारांनी आजूबाजूला बघितलं. मग हळूच म्हणाले, "डावीकडून नाही सापडायचा तो. उजवा कोपरा पक्का कर!"

*

आमचे लछूशेठ कॅम्प तीनचे कापडवाले, सिंधी. मराठी शिकले ती आमच्या मॅच बघून. संद्याच्या लग्नात पहिल्या रांगेत बसले. अंतरपाट दूर झाला, नवरी हार घेऊन पुढे आली, संद्या लाजून जरासा मागे सरकला.

लगेच लछूशेठ उठले, "पकड वहिनी! लाइन क्रॉस करू देऊ नको!"

आणि वहिनीने खरंच मनगट धरलं! भटजींनी शिट्टी मारायची तेवढी बाकी होती.

*

गणेशची आई यमुनाकाकू. संद्या चढाईला गेला की यांचं सुरू, "मुडदा बशिवला याचा! तंगडी मोडा मेल्याची!"

एकदा संद्याला असा आपटला, की तो खांदा धरून उठेचना. सगळ्यात आधी मैदानात कोण धावलं? यमुनाकाकू! पदराने त्याचं तोंड पुसत कडाडल्या, "कोणी आपटला रे माझ्या लेकराला?"

गणेश पुढे आला. "आये, तूच बोललीस ना, मोडा म्हणून!"

"बोलले म्हणून काय मोडशील? ते ओरडायचं असतं, गाढवा!"

*

यंदाची अंबरनाथची फायनल. चामटोलीकडून आम्ही वर्षानुवर्षं हरत आलेलो. गुण बरोबरीत, शेवटची चढाई, संद्या आत. गणेशने कंबर धरली, बाकीचे वर कोसळले. त्या ढिगाखालून संद्याचा हात मधल्या रेघेकडे सरकत होता. तेवढ्यात शिट्टी!

हात पोचला की नाही, पंचांना दिसलंच नाही. आम्ही ओरडतोय "पोचला!", चामटोली ओरडतेय "मेला!" शेवटी पंचांनी गणेशलाच विचारलं, "तू जवळ होतास. खरं सांग."

गणेशने गुडघ्याची माती झटकली. आपल्या गावकऱ्यांकडे एकदा बघितलं. म्हणाला, "पोचला."

जिंकलो! संद्या खांद्यावर, ढोल सुरू, लछूशेठ अनवाणी नाचतायत! पण ढोलाच्या वर चामटोलीचा आवाज येत होता, "गद्दार! गद्दार!" गणेश मान खाली घालून निघून गेला. कप हातात असूनही मला कसंतरीच झालं.

दुसऱ्या दिवशी मी आणि संद्या पेढे घेऊन चामटोलीला निघालो. गाव त्याच्याशी कसं वागत असेल, हीच धाकधूक.

गावाच्या तोंडाशीच भलामोठा बॅनर. मध्ये गणेशचा गॉगल लावलेला फोटो, खाली शुभेच्छुक म्हणून अख्ख्या गावाचे फोटो आणि वर लाल अक्षरांत,

"चामटोलीची शान, आमचा गद्दार!"