आवक-जावकच्या बाईंचा दोनचा फोन

टेलिफोन या यंत्राकडून जगात सगळ्यात जास्त काम कुणी करून घेतलं असेल तर ते आमच्या ऑफिसातल्या आवक-जावकच्या बाईंनी, असं माझं आजही ठाम मत आहे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जळगावात एसटीडीचे पिवळे बूथ अजून दिसू लागले नव्हते आणि आमच्या अख्ख्या ऑफिसात एकच काळा फोन होता, तोही साहेबांच्या टेबलावर. त्या एका फोनवरून बाई पिंप्राळ्यातलं आपलं घर चालवत. यजमान धुळ्याला शाळेत शिक्षक, ते शनिवारच्या संध्याकाळच्या एसटीनं येत आणि सोमवारी पहाटे जात. घरी दोन मुली, मोठी दहा वर्षांची, धाकटी चार. घरात फोन नव्हता. तो होता शेजारच्या अक्कांकडे, ओट्यावर उघडणाऱ्या खिडकीच्या फळीवर. मोठीची शाळा सकाळची. साडेबाराला घरी येऊन ती अक्कांकडून धाकटीला ताब्यात घेई आणि बरोबर दोन वाजता पुन्हा अक्कांच्या फोनपाशी जाऊन उभी राही. इकडे पावणेदोनपासून बाईंचं लक्ष रजिस्टरमधून उडालेलं असे. त्यांचा एक डोळा घड्याळावर आणि एक साहेबांच्या दारावर. त्या वेळात त्यांच्याशी बोलायला आम्ही जात नसू.

फोन आधी अक्का उचलत. मूळच्या धुळ्याकडच्या खेड्यातल्या. तार कितीही लांब असली तरी आवाज आपल्यालाच पोहोचवायचा आहे अशा समजुतीनं त्या बोलत, त्यामुळे ऑफिसातल्या शेवटच्या टेबलापर्यंत त्यांचं ऐकू येई. "कोन शे? पोरी घरमाच शेतस, माय. तू कसाले काळजी करस?" पोरी घरातच आहेत एवढं अक्कांनी सांगितलं की मग मोठी येई आणि बाईंचा कारभार सुरू होई. खिचडीला पाणी किती, धाकटीच्या वेणीतली जट कशी सोडवायची, गृहपाठ कुठवर आला. पाढेही फोनवरच. एकदा एकोणीस सत्ते किती यावर मोठी अडली, तेव्हा आमच्या टायपिस्टनं टाइपरायटर थांबवून उत्तर सांगितलं. बाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "सांगू नका. तिचं तिला येऊ द्या." आणि ते येईपर्यंत साहेबांसकट सगळं ऑफिस खोळंबलं. असोद्याचा एक केळीवाला शेतकरी आपल्या अर्जाचं काय झालं ते विचारायला आला होता. "दोन मिनिटं हं, भाऊ," म्हणून बाईंनी त्याला जे थांबवलं, त्यात त्यानं धाकटीच्या सर्दीची सगळी हकिगत ऐकली. पुढच्या खेपेला तो केळ्यांची फणी घेऊन आला आणि आपल्या अर्जाआधी त्यानं विचारलं, "पोरीची सर्दी गेली का, ताई?"

साहेब माणूस वाईट नव्हते. बाई फोनवर असल्या की ते खुर्ची जरा मागे घेत आणि फाइल वाचल्यासारखं करत. पण एका आठवड्यात वरच्या ऑफिसचा फोन तीनदा लागला नाही. तीनही वेळा दोनच वाजलेले होते. वरून त्यांना बोलणी बसली असावीत. दुसऱ्या दिवशी सकाळी जामनेरच्या दौऱ्यावर निघताना त्यांनी खिशातून एक लहानसं कुलूप काढलं, फोनच्या तबकडीच्या भोकात घालून बंद केलं आणि चावी घेऊन गेले. बाहेरून फोन येऊ शकत होता, इथून लावता येत नव्हता.

आता, हे कुलूप चुकवायची एक युक्ती सगळ्या सरकारी ऑफिसांना माहीत होती. तबकडी फिरवायचीच नाही. रिसीव्हर ठेवायच्या जागेवरचं बटण टिचक्यांनी दाबायचं, चारासाठी चार टिचक्या, शून्यासाठी दहा. मी बाईंना ते सुचवलंही. त्या म्हणाल्या, "नको. साहेबांनी बंद केलाय म्हणजे बंद केलाय. एक दिवस नाही बोलले तर काही होत नाही."

दोन वाजले. बाई पत्रांवर शिक्के मारत राहिल्या. दोन वाजून दहा मिनिटं झाली, वीस झाली. एकाच पत्रावर तोच शिक्का दोनदा मारताना मी त्यांना पाहिलं. अडीचच्या सुमारास फोन वाजला. जवळ मी होतो, मी उचलला. मोठीचा आवाज होता, धावत आल्यासारखा. "काका, आईला द्या. धाकटी आत..." एवढंच ऐकू आलं, मग खरखर झाली आणि लाइन तुटली. बाई तोवर माझ्या शेजारी येऊन पोहोचल्या होत्या. "काय म्हणाली?" मी होतं तेवढं सांगितलं. त्यांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला, एकदा त्या कुलपाकडे पाहिलं आणि बटणावर टिचक्या मारायला सुरुवात केली.

अक्कांच्या नंबरात दोन शून्यं होती. वीस टिचक्या नुसत्या त्यांच्याच. बाई ओठांत मोजत होत्या आणि आम्ही मनात. पहिल्यांदा एखादी टिचकी कमी पडली असावी, कारण पलीकडून कुण्या जिनिंगवाल्याचा मुनीम बोलला. "माफ करा," म्हणून बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी नंबर बरोबर लागला, पण तो एंगेज होता. तिसऱ्यांदाही एंगेज. टायपिस्ट म्हणाला, "मी सायकलवर जाऊ का पिंप्राळ्याला?" बाईंचा हात पुन्हा बटणाकडे गेला आणि मध्येच थांबला. "ती मलाच लावतेय," त्या हळूच म्हणाल्या. "मी लावतेय तोवर तिला लागणार नाही." आणि त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला.

त्यानंतरचं मिनिट मी विसरू शकत नाही. बाईंनी दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत धरून ठेवले होते, ते आपणहून फोनकडे जाऊ नयेत म्हणून. पंखा तेवढा फिरत होता. मग घंटी वाजली.

झालं होतं ते असं. मोठीनं वातीच्या स्टोव्हवर दूध ठेवलं आणि दोन मिनिटांत येते म्हणून ती अक्कांकडे आईच्या फोनची वाट बघत उभी राहिली. फोन येईना. आता येईल, मग येईल करत ती थांबली. तेवढ्यात धाकटीनं खेळता खेळता दाराचा खालचा बोल्ट जमिनीतल्या भोकात सारला. आता तो तिला वर उचलता येत नव्हता. दूध उतू जाऊन जळत होतं, खिडकीतून धूर येत होता, खिडकीला गज होते. आसपासचे पुरुष सगळे कामावर गेलेले. दारापाशी अक्का आणि मोठी, एवढ्याच.

बाईंचा आवाज चढला नाही. एरवी कुणाकडे पाणी मागावं तसा होता. "रडू नको. फोनची तार खिडकीतून बाहेर येते का? ओढ. किती येते? मग तिथंच उभी राहा. मी सांगते ते तिला ओरडून सांगायचं, मी सांगते तसंच. पहिलं, स्टोव्हकडे जाऊ नको म्हणावं. दारापाशी बस म्हणावं." तिकडून मोठीचं ओरडणं आम्हाला ऐकू येत होतं, आणि त्याच्यामागे धाकटीचं रडणं. "आता अक्कांना सांग, दार आत ढकलू नका. बाहेरची कडी धरून जोरात आपल्याकडे ओढा. दार ओढलं की बोल्ट मोकळा होतो. हां. आता धाकटीला सांग, बोल्ट वर नको ओढू, आधी त्याची मूठ भिंतीकडे वळव. भिंतीकडे कळत नसेल तर देवाच्या फोटोकडे म्हण. वळली की मग वर ओढ म्हणावं. विचार तिला, वळली का?"

पलीकडून काहीच ऐकू येईना. बाईंनी डोळे मिटले. मग काहीतरी आपटल्याचा आवाज आला आणि अक्कांचा, "ऊनी वं, ऊनी बाहेर." म्हणजे धाकटी बाहेर आली होती.

"आई, उघडलं," मोठी म्हणाली.

"स्टोव्ह?"

"अक्का आत गेल्यात. विझवला. पातेलं सगळं काळं झालंय, आई."

"असू दे," बाई म्हणाल्या.

फोन ठेवून त्या आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या आणि पुढचं पाकीट त्यांनी नोंदीला घेतलं. त्यांना आकडा लिहिता येईना. मी म्हटलं, "चला, स्कूटरवर सोडतो." तर म्हणाल्या, "आता गेले तर मोठी घाबरेल. तिला वाटेल फार मोठं काही झालं होतं." मग स्वतःच उठल्या. "रजेचा अर्ज?" "मी लिहितो," मी म्हटलं.

आम्ही पोहोचलो तेव्हा धाकटी अक्कांच्या मांडीवर झोपली होती. मोठी ओट्यावर बसून पातेलं राखेनं घासत होती. आता रडत नव्हती. आईला बघून तिनं एवढंच विचारलं, "तू आज फोन का नाही केलास?" साहेबांचं नाव सांगणं किती सोपं होतं. बाई तिच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "उशीर झाला गं मला." मग तिच्या हातातलं पातेलं घेऊन उरलेलं त्यांनी घासलं.

दुसऱ्या दिवशी साहेब येताच बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, काल कुलूप असताना मी फोन लावला." का लावला ते त्यांनी सांगितलं नाही. ते मी नंतर सांगितलं. मग साहेबांनी बाईंना बोलावून चावी त्यांच्यासमोर ठेवली. "ही तुमच्याकडे असू द्या. दौऱ्यावर माझ्याकडून हरवते," म्हणाले.

पुढं दोनेक वर्षांत बाईंना धुळ्याची बदली मिळाली. नव्वदनंतर कधीतरी माझं धुळ्याला काम निघालं तेव्हा देवपुरातल्या त्यांच्या घरी गेलो. मोठी नाशिकला नोकरीला लागली होती, धाकटी कॉलेजात. अक्का वारल्याचं बाईंनीच सांगितलं. चहा घेताना त्या दिवसाचा विषय निघाला. बाई म्हणाल्या, "मागच्या दिवाळीत मी मोठीला विचारलं, ते दार आठवतं का तुला? म्हणाली, कोणतं दार? धाकटी तर तेव्हा चारच वर्षांची होती. यांना त्या शनिवारी मी अर्धंच सांगितलं. सगळं मला एकटीलाच आठवतं बघा, भाऊ."

"मलाही आठवतं," मी म्हणालो.

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि न विचारता माझ्या कपात आणखी अर्धा कप चहा ओतला.