उलायुच्या चित्रातली बाई

उलायु चित्र काढायला बसली की कुणावर तरी चिडल्यासारखी बसायची. शिसपेन्सिल एवढी दाबायची की कागदाच्या पाठीवरही रेघा उमटायच्या. नवरा समुद्रावरच्या बर्फातून परत आला नाही, त्याच वर्षी सहकारी संस्थेने वस्तीतल्या बायकांना चित्रं काढायला कागद वाटले, आणि तेव्हापासून तिचं घर त्यावरच चाललं होतं. बायकांनी काढलेलं चित्र सौमिक दगडात कोरायचा, आणि मी दगडाला शाई लावून त्याचे छाप उठवायचे. सौमिक म्हणजे तिच्या भावाचा मुलगा.

त्या हिवाळ्यात तिने बर्फाचं घर बांधतानाचं चित्र आणलं. आत उभा राहून हाडाच्या सुरीने ठोकळे बसवणारा तिचा बाप. बाहेर वाकून फटींत भुसभुशीत बर्फ दाबणारी तिची आई, आणि आईच्या अंगरख्याला पाठीमागे असलेल्या मोठ्या टोपीतून डोकावणारं एवढंसं तोंड.

"ही मी," उलायु म्हणाली. "आणि सौमिक, फटी नीट दाखव हं. बाप ठोकळे रचून मोकळा व्हायचा. वारा अडवायची ती आई."

"दाखवतो गं आत्या. पहिल्यांदाच कोरतोय का मी?"

उलायु आपल्या मुलाबरोबर सीलच्या शिकारीला दूरच्या तळावर गेली, आणि इकडे कोरता कोरता दगडाचा कोपरा निखळला. दगडात आतून चीर होती, ती कुणाला दिसली नव्हती. आईचं डोकं, खांदे, पाठीवरचं पोर, सगळं सौमिकच्या पायाशी पडलं. नवा दगड समुद्रावरचा बर्फ वितळून बोट आल्यावरच येणार. आणि संस्थेचा दक्षिणेकडून आलेला साहेब रोज दारात उभा राहून विचारायचा, "झालं का?"

सौमिकने उरलेला दगड पुढ्यात ओढला. मग त्याने आईच्या वाकलेल्या कमरेची कुत्र्याची पाठ केली, दोन पायांचे चार केले, पुढे खाली झुकलेलं डोकं आणि मागे शेपटी काढली.

"आत्याला विचार तरी," मी म्हटलं.

"ती येईपर्यंत साहेब माझं डोकं खाईल. कुत्रं काय वाईट आहे? घर बांधताना कुत्री असतातच."

उलायु परतली तेव्हा सगळे छाप उठवून झाले होते. तिने एक हातात घेतला आणि नाक कागदाला लागेल इतका जवळ नेला.

"माझी आई कुठंय?"

सौमिक कानस पुसत बसला.

"आईचं कुत्रं केलंस तू? सौमिक! तिचंच नाव पोरीला ठेवलंस ना?"

हे मात्र त्याला लागलं. त्याच्या धाकटीला उलायुच्या आईचं, तातिगाकचं नाव दिलं होतं, आणि उलायु त्या दोन वर्षांच्या पोरीला 'आई' म्हणूनच हाक मारायची.

"दगड तुटला गं आत्या. मी काय करू?"

"नुसती भिंत ठेवायची! रिकामी जागा ठेवायची!"

छाप पाठवू नका म्हणून सांगायला ती साहेबाकडे गेली. तो म्हणाला, छाप पेटीत बंद झालेत, विमान उद्या आहे. विमान गेलं, आणि सगळे छाप विकले गेले. वर साहेबाने निरोप पाठवला की लोकांना कुत्रं फार आवडलंय, आणखी एक काढ.

पुढे दक्षिणेतल्या एका शहरात प्रदर्शन भरलं. उलायुला विमानाने नेलं. मला शाळेतली इंग्रजी येत होती, म्हणून दुभाषी म्हणून मीही गेले. एक उंच बाई नेमकी त्याच चित्रापुढे उभी राहून म्हणाली, "किती जिवंत कुत्रं! याच्याविषयी काही सांगा ना."

"सांग तिला," उलायु म्हणाली, "ते कुत्रं नाही. ती माझी आई आहे."

मी सांगितलं. बाईने छातीवर हात ठेवला. आणखी माणसं जमली. एकाने लिहून घेतलं.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, माणसाचा आत्मा जनावरात जातो ही तुमची श्रद्धा फार खोल आहे."

"कसली श्रद्धा? दगड तुटला म्हणावं! दगड!"

मी तेही सांगितलं. त्यावर एका म्हाताऱ्याने डोळे मिटून मान हलवली. दगड तुटतो तेव्हाच आत्मा मोकळा होतो, असं काहीसं तो पुटपुटला. ते मी उलायुला सांगितलंच नाही, पण तिने त्याचा चेहरा बघितला होता.

"तू नीट सांगत नाहीयेस."

"शब्दन् शब्द सांगतेय, काकू."

"मग ही माणसं बहिरी आहेत. चल, मला झोपायचंय."

घरी आल्यावर तिने आईचं एकटीचं चित्र काढलं. मोठी, कागदभर बाई, पाठीवर पोर, हात पुढे दाबलेले. साहेबाने ते उलटसुलट करून पाहिलं.

"हिच्यापुढे घर कुठंय? घराशिवाय लोकांना कळायचं नाही ही काय करतेय ते."

"घर होतं तेव्हा बाई नव्हती. आता बाई आहे तर घर पाहिजे!" उलायुने कागदाची गुंडाळी केली आणि काखेत मारली. ते चित्र कधीच छापलं गेलं नाही.

त्यानंतर तिने माणसं काढली नाहीत. हंस, घुबडं, मासे काढायची, आणि तेही खपायचे. पण दगड निवडायच्या दिवशी ती छपाईच्या खोलीत हजर. हातोडीने एकेक दगड ठोकायची, कान लावायची. "हा फुटका. हाही फुटका." सौमिक वैतागून बाहेर जाऊन सिगारेट ओढायचा. मी आधीच्या दगडासाठी शाई घोटून बसलेली असायचे, आणि उलायुची ठोकाठोक संपेपर्यंत शाई वाळून जायची.