भाकरीचा कोपरा

आमच्या जाऊबाईंनी पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "इतकं पानी, अन् चूळ भराच्याही कामाचं नाही." मग खोलीत जाऊन त्यांनी बाथरूममधली बादली, मग्गा, दोन्ही बाटल्या आणि चहाची किटलीसुद्धा नळाखाली धरून भरून ठेवली. आमच्या चिखलीत नळ आला की आम्ही घरातलं एक भांडं रिकामं ठेवत नाही. ती सवय दापोलीच्या पुढच्या त्या गावातही त्यांच्याबरोबर आली होती.

"बाई, इथं चोवीस तास पानी असते," मी म्हटलं.

"सांगतेत सारेच तसं," त्या म्हणाल्या आणि किटलीवर झाकण ठेवलं.

मी शाळेतून निवृत्त झाले म्हणून माझ्या मुलीनं आम्हा दोघींना ही भेट दिली होती. समुद्रकाठच्या एका घरात तीन दिवस राहायचं आणि कलात्मक गोधडी शिवायला शिकायचं. तिनं फोनवर हे सांगितलं तेव्हा मी तडकले. म्हटलं, गोधडी शिवायला माणूस एवढ्या लांब जातो का? पण जाऊबाई लगेच हो म्हणाल्या, कारण पोरीनं त्यांचं नाव आधीच घातलं होतं, आणि पोरीचा शब्द त्यांनी आजवर कधी मोडला नाही. मग मीही तयार झाले. खरं सांगायचं तर मला त्या तीन दिवसांत एक काम उरकायचं होतं.

जाऊबाई चिखली सोडून जाणार होत्या. त्यांच्या मुलाला पुण्यात बाळ झालं होतं, सुनेची सुट्टी संपत आली होती, आणि आजीनं कायमचं तिकडंच यावं असं ठरलं होतं. कोणी ठरवलं, कधी ठरवलं, मला विचारलं का? मला कशाला विचारतील? मोठे दीर गेल्यापासून त्या त्यांच्या दोन खोल्यांत एकट्या आणि मी माझ्या दोन खोल्यांत, अंगण एक. आमचे हे दिवसभर पेपरात तोंड घालून बसतात. मी ज्यांच्याशी बोलते, भांडते, ज्यांच्याबरोबर सकाळचा चहा पिते, त्या जाऊबाईच. तर मला त्यांना म्हणायचं होतं, जाऊ नका. घरी ते तोंडातून निघत नव्हतं. वाटलं, परक्या ठिकाणी निघेल.

शिकवणारी ताई माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची, केस अगदी बारीक कापलेले, बोलणं गोड. पुण्याच्या, नाशिकच्या सात-आठ बायका होत्या. प्रत्येकीला एक टेबल, एक शिलाई मशीन आणि कापड कापायचं एक गोल चाक. ताई म्हणाली, "समुद्राकडे बघा आणि जे वाटेल ते कापडात आणा. इथे कुठलाही नियम नाही."

जाऊबाई माझ्या कानाशी लागल्या. "नियमच नाही तं मंग शिकवून काय राह्यली हे?"

मी त्यांना कोपरानं ढोसलं. पण पुढं ताईनं सांगितलं की ही गोधडी भिंतीवर टांगायची असते, त्यासाठी मागं दांडी घालायला पट्टी शिवायची, तेव्हा त्यांना राहवलं नाही. सगळ्यांसमोर विचारलं, "भितीले थंडी वाजते का?" बायका हसल्या, ताईही हसली. मला मात्र उगाच कानकोंडं झालं. पुण्याच्या बायकांसमोर मी शाळेतली मराठी काढून बोलत होते, आणि जाऊबाईंनी ते टिपलं होतं. दुपारी जेवताना मी "मला थोडा भात चालेल" म्हणाले, तर त्या डोळे मिचकावून म्हणाल्या, "मास्तरीन तं एका दिवसात पुन्याची झाली."

वेगळ्या टेबलावर बसायला त्यांनी साफ नकार दिला. एकटीनं गोधडी शिवायची ही कल्पनाच त्यांना पटेना. आमच्याकडं दोघी समोरासमोर बसतात, एक इकडून आणि एक तिकडून टाके घालत येतात. ताईनं समजुतीनं आम्हाला व्हरांड्यात चटई घालून दिली आणि दोघींची मिळून एकच गोधडी होईल, असं ठरलं. जाऊबाईंचा टाका पहिल्यापासून लांब आणि वाकडा. माझा बारीक. म्हणजे आमची गोधडी एका बाजूनं शाळेची वही आणि दुसऱ्या बाजूनं पावसाळ्यातली शेताकडची पांदण दिसणार, हे मला ठाऊक होतं.

ताईनं फोनवर आधीच सांगितलं होतं की आठवणीतले जुने कपडे आणा. मी माझे तुकडे धुऊन, इस्त्री करून, रंगाप्रमाणे पिशव्यांत भरून आणले होते. जाऊबाईंनी आणलं होतं गाठोडं. ते त्यांनी व्हरांड्यात सोडलं. वर होती त्यांची लग्नातली साडी, आमच्यात नवरी नेसते तशी पांढरी. धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. "हे खालून लावू. लेकराच्या अंगाले टोचनार नाही," त्या म्हणाल्या. गोधडी पुण्याच्या बाळासाठी आहे हे मला तेव्हा कळलं.

त्याखाली त्यांच्या मुलाचा शाळेचा शर्ट. त्याखाली एक पिवळा फ्रॉक, खिशावर बदक. आणि सगळ्यात खाली माझी निळी नायलॉनची साडी.

"हे तुमच्याकडं कसं?"

"तू तं टाकून देल्लं होतं. म्या ठेवलं."

ती साडी नेसून मी पहिली काही वर्षं खेड्यावरच्या शाळेत जायची. सकाळची जीप पकडायची असे. फाटकाशी जाऊबाई माझ्या मुलीला कडेवर घेऊन उभ्या राहत. हा पिवळा फ्रॉक तिचाच. ती माझा पदर मुठीत घट्ट धरायची आणि सोडायची नाही. जीपवाला हॉर्न वाजवायचा, मी वैतागायची, आणि जाऊबाई तिचं एकेक बोट हळूहळू उलगडून माझा पदर सोडवायच्या. "जाय तू," म्हणायच्या, "मागं पाहू नको, नाहीतं अजून रडते." स्वतःचा मुलगा तेव्हा बालवाडीत होता. त्याला सोडून यायच्या, मग हिला दिवसभर सांभाळायच्या. मी संध्याकाळी यायची तेव्हा पोरगी न्हाऊन, पावडर लावून ओसरीत बसलेली असायची.

मी साडीचं एक टोक हातात घेऊन बसले. तोवर जाऊबाईंनी शर्टावर फिरवली तशीच गरम इस्त्री त्या नायलॉनवर ठेवली. चर्रर्र झालं, धूर निघाला, साडीला तळहाताएवढं भोक पडलं.

"अहो बाई! नायलॉन आहे ते! एवढी वर्षं जपलं अन् आज जाळलं!" मी अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशी ओरडले. आत पुण्याची मशिनं थांबली.

त्यांनी भोकाला एक डोळा लावून माझ्याकडं पाहिलं. "लय मोठं नाही. बदक बसते याच्यात."

आणि बसलंही. फ्रॉकचा खिसा त्या भोकावर नीट बसला. निळ्यावर पिवळं बदक. ताई येऊन म्हणाली, "वा, पाण्यात पोहतंय!" बाकी सगळ्यांनी लाटा केल्या होत्या. आमचा समुद्र इस्त्रीनं केला होता.

समोरासमोर बसून टाके घालता घालता जाऊबाईंनी एका बाईला माझी फजिती सांगितली. मी नवी नवरी असताना गोधडी शिवायला बसले आणि मांडीवर घेतलेल्या गोधडीला माझी नेसती साडीच शिवून टाकली होती. उठायला गेले तर गोधडी माझ्याबरोबर उठली. मी रडकुंडीला आले होते. सासूबाई यायच्या आत जाऊबाईंनी दार लोटून घेतलं, सगळे टाके उसवले आणि कोणाला कळू दिलं नाही. "आज सांगून राह्यल्या ना पन!" मी म्हटलं. "आता सासू कुठी आहे?" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही वाळूत बसलो. जाऊबाईंनी चपला पिशवीत घालून ती मांडीवर ठेवली होती, समुद्राचा भरवसा नाही म्हणून. मी मनात वाक्य जुळवत होते. शेवटी सुरुवात केली, "बाई, तुम्ही पुन्याले..."

"हाव, सांगाचंच राह्यलं," त्या म्हणाल्या. "काल सूनबाईचा फोन होता. रडत होती. म्हने, आई, एवढ्या लेकराले ठेवून हापिसात कशी जाऊ, माह्याच्यानं होत नाही. म्या म्हटलं, होते. आमची मास्तरीन जात होती ना. पदर सोडवून घ्याचा अन् जाचं. मागं मी आहे."

माझं वाक्य तिथंच राहिलं. मला त्या सुनेचा राग राग येत होता, इतके दिवस. त्या क्षणी ती मला फाटकात उभी असलेली दिसली, माझीच निळी साडी नेसून. कोणत्या तोंडानं म्हणणार होते, जाऊ नका? माझी अख्खी नोकरी, माझं पेन्शन, लोक मला मॅडम म्हणतात ते, सगळं या बाईच्या कडेवर बसून झालं होतं. मला रडू आलं. जाऊबाईंनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "तू काय म्हनत होती?"

"काही नाही. पुन्याले थंडी असते. स्वेटर न्या."

तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या गोधड्या दोरीवर टांगल्या. आमची ताईनं उचलून पाहिली आणि म्हणाली, "काकू, हा एक कोपरा उघडा राहिलाय."

तो राहिला नव्हता, ठेवला होता. आमच्या घरी गोधडीच्या चारही कडा शिवतात, पण एक कोपरा दोन बोटं उघडा ठेवतात. त्यात घरच्या भाकरीचा एक घास घालतात आणि मगच तो बंद करतात. पांघरणारं माणूस उपाशी राहू नये म्हणून. एकदा घास आत गेला की तो कोपरा पुन्हा उसवायचा नाही. जाऊबाईंनी हे सांगितल्यावर स्वयंपाकघरातल्या मावशींनी लगेच तांदळाची भाकरी आणून दिली. जाऊबाईंनी ती आवडीनं खाल्ली, पण घास घातला नाही. "जवारीचीच पाह्यजे असं नाही," त्या मावशींना म्हणाल्या, "पन आमच्या घरची पाह्यजे." मग माझ्याकडं वळल्या. "मी निंघाच्या दिवशी तू घाल. कोपरा तूच बंद कर."

मला अर्धं काम सहन होत नाही. मुलांची वही अर्धी तपासून मी कधी झोपले नाही. पण चिखलीला आल्यावर तो कोपरा तसाच उघडा होता आणि मी त्या गोधडीकडं जात नव्हते. बंद केला म्हणजे त्या निघाल्या.

जाऊबाईंना न्यायला पुतण्या गाडी घेऊन आला. सकाळी बुद्धवंदना झाली, जाऊबाईंनी माझ्या ओट्याशी बसून चहा घेतला, मी भाकरी थापल्या. पहिली भाकरी तव्यावरून उतरवून मी तिचा तुकडा मोडला. तो पोळत होता. जाऊबाईंनी फुंकर मारली आणि स्वतःच्या हातानं कोपऱ्यात सारला. मी गोधडी मांडीवर घेऊन बसले. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. चष्मा पुसला, तरी दिसेना. बाहेर पुतण्या म्हणत होता, "काकू, ऊन व्हाच्या आत निंघू." मी घाईघाईनं टाके घातले, गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि उठले.

गोधडी माझ्याबरोबर उठली.

माझा पदर कोपऱ्यात शिवला गेला होता. घट्ट, चांगला बारीक टाका. आम्ही दोघी एकमेकींकडं पाहत राहिलो आणि मग जाऊबाई अशा हसल्या की त्यांना भिंत धरावी लागली. मीही हसले. हसता हसता माझा बांध फुटला. इतके दिवस साठलं होतं ते सगळं बाहेर आलं. "बाई, मले करमनार नाही वो तुमच्याशिवाय," मी म्हटलं. "मले अजिबात करमनार नाही."

"मले तरी कुठी करमनार आहे," त्या म्हणाल्या. त्यांचा पदर डोळ्यांना होता.

"उसवा आता. पहिल्यासारखं."

"घास आत गेला. आता कसं उसवू?"

त्यांनी कात्री मागितली. मला वाटलं, गोधडीची कड कापतील. त्यांनी माझा पदर धरला आणि शिवलेल्या जागेपासून वीतभर अंतरावर सरळ कापला. चांगली नवी साडी होती. तो तुकडा गोधडीच्या कोपऱ्याला तसाच लोंबत राहिला. त्यांनी घडी घातली, गाडीत मांडीवर घेतली आणि गेल्या. मी फाटकात उभी होते. या वेळी मीच उभी होते.

सकाळचा चहा आता मी एकटीपुरता करते. साखर जास्त होते, कारण सवय दोन कपांची आहे. पदर कापलेली साडी मी टाकली नाही, घरात नेसते. काही दिवसांनी जाऊबाईंचा फोन आला. सून कामावर जाऊ लागली होती. पहिल्या दिवशी दोघी रडल्या, बाळ रडलं नाही. मी विचारलं, "झोपते का बरोबर?"

"हाव, झोपते," त्या म्हणाल्या. "गोधडी घातली का कोपऱ्यातला तो तुह्या पदराचा तुकडा शोधते अन् मुठीत धरते. मंगच झोपते. लय घट्ट धरते."

मी विचारलं, "मंग सोडवता कसं?"

"काऊन सोडवू?" जाऊबाई म्हणाल्या. "तुले कुठी जीप पकडाची आहे आता?"